उत्तर ओळीखाली

एन्डेल गेला तेव्हा समुद्र गोठलेला होता, फेरी बंद.
पाद्री बर्फावरच्या रस्त्याने आला आणि घाईने परतला.
मागे राहिल्या अकरा मधपेट्या
आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक काळा पडदा,
त्यावर एकच हिरवी रेघ, लुकलुकणारी.
बावीस वर्षांच्या मधाचा हिशेब त्या रेघेमागे.

मला ठाऊक होतं ते लेकीच्या घरचं यंत्र,
चित्रावर टिचकी मारली की उघडणारं.
इथे चित्र नाही, कडी नाही.
दाराचं नाव घ्यायचं, तेही न चुकता.

पासवर्ड सापडला धूर करायच्या डब्याच्या बुडाशी.
टाइप केला. एक ठिपकासुद्धा उमटेना.
कीबोर्ड मेला म्हटलं, उलटा करून आपटला.
रायच्या पावाचा चुरा पडला
आणि एक वाळलेली माशी, पंखांसकट.

तार्तूच्या काल्युला लिहिलं, त्यानेच हे बसवून दिलेलं.
विषय : मदत!!!
मजकूर दोन पानं. दफन, बर्फ, माझा गुडघा,
लेक हेलसिंकीहून येते येते म्हणते ते,
आणि अगदी शेवटी, यंत्र चालत नाही.

त्याने सगळं कापलं. एवढंच ठेवलं :
यंत्र चालत नाही.
आणि त्या ओळीखाली :
काय केलंत? काय व्हायला हवं होतं? काय झालं?

माझा नवरा कापून टाकला या माणसाने!
रात्रभर धुमसत होते.
पहाटे आठवली काय्नाची टपाल कचेरी,
एकतीस वर्षं त्या खिडकीत मी,
आणि पाकिटावर लिहून आणणारे लोक : आजोबांना, गावी.
कुठले आजोबा, कुठलं गाव, विचारताना
माझा चेहरा काही मधात बुडवलेला नसायचा.

दुसरं पत्र तीन ओळींचं.
पासवर्ड टाइप करते.
अक्षरं दिसायला हवीत.
दिसत नाहीत.
त्याखाली त्याचं : दिसणारच नाहीत. एन्टर दाबा.

उघडलं.

मग उन्हाळाभर शिकले.
एका पत्रात एकच प्रश्न.
विचारण्याआधी एक संध्याकाळ माहितीची पानं वाचायची,
समजली नाहीत तरी.
यंत्राची तक्रार जशीच्या तशी उतरवायची, आपले शब्द मिसळायचे नाहीत.
मेसी म्हणजे मध; मोठ्या अक्षराने सुरू होणारी मेसी वेगळी,
लहान अक्षराची वेगळी,
एन्डेलने दोन्ही ठेवलेल्या, देव जाणे का.

जुलैत सगळ्या नोंदींची प्रत काढली.
यंत्र काही बोललं नाही.
पुन्हा काढली. पुन्हा तसंच, नुसती रेघ.
काल्युला कळवलं. त्याचं उत्तर :
बोललं नाही म्हणजे झालं. चुकलं तरच बोलतं.

उभ्यानेच वाचत राहिले. बटाटे लागले तळाला.
त्रेचाळीस वर्षं मी विचारत होते, सूप कसं झालंय,
आणि तो वाडगा पुसून खायचा,
आणि मी दर वेळी उगाच मीठ वाढवत गेले.

नोंदी आता वाचता येतात.
सातवी पेटी, राणी नवी.
लिंडेन उशिरा फुलला.
तिसरी पेटी, अस्वल नव्हे, वारा.
लेइडाचा गुडघा, शनिवारी मलम आणणे.
नववी पेटी, ठीक.

ऑगस्टअखेर सारेमा बेटावरून कुणी वाइके,
तिला माझा पत्ता काल्युने दिलेला.
विषय : मदत!!!
दोन पानं. मी कात्री घेतली.
दफन कापलं, पाऊस कापला, दिराशी भांडण कापलं.
कुत्रा अजून दाराशी बसतो, इथे बोट थांबलं.

दोन ओळी ठेवल्या.
यंत्राच्या ओळीखाली लिहिलं : काय केलंत?
कुत्र्याच्या ओळीखाली
जागा सोडली, लिहिलं काहीच नाही.
तिला ते वाचता येईल, हळूहळू.